संशयी द्वारकाबाई आणि पुण्याचा साहेब

पिंपळीच्या द्वारकाबाईंना कुणी फसवलं होतं, ही गोष्ट निघाली की आमच्याकडं अजून लोक हसतात. त्या हसण्याचा मला राग येतो, म्हणून हे लिहायला बसलो. आमचं रान त्यांच्या रानाला लागून, मधे एक बांध. त्यामुळे त्यांचा संशय माझ्याही वाट्याला भरपूर आलेला आहे. पाटाचं पाणी आमच्या पाळीत जरा जास्त वेळ वाहिलं की त्या बांधावर येऊन कमरेवर हात ठेवून उभ्या राहायच्या आणि एक शब्द बोलायच्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

मेथी, वांगी, गवार घेऊन त्या लेकीबरोबर बारामतीच्या बाजाराला बसायच्या. गिऱ्हाइकानं रुपया दिला की दगडावर वाजवायच्या, मग दाताखाली धरायच्या, मग लेकीला, नकोशीला, बघायला लावायच्या. ती चांगला म्हणाली तरी पुन्हा एकदा वाजवायच्याच. गोडेतेल घ्यायला जाताना घरचं मापटं बरोबर असायचं. बाजारातली टवाळ पोरं मुद्दाम विचारायची, "मावशी, आजचं ऊन खरं हाय का तपासून बघितलं?" त्यावर त्या वर आभाळाकडं बघायच्या आणि पोरं खिदळायची.

मला मात्र त्यांच्या संशयाचं कारण ठाऊक होतं. नवरा गेल्यावर दिरानं कसल्याशा कागदावर त्यांचा अंगठा घेतला आणि जमीन आपल्या नावावर करून घेतली. "तुमी हाय तवर रान कसा," एवढी मेहेरबानी केली. धाकटी लेक नकोशी. तीन मुलींवर झाली म्हणून हे नाव. तिला नवऱ्यानं दोन वर्षांत माहेरी आणून सोडलं ते कायमचं. "तुमच्यामागं हिला मी दारात उभी करणार न्हाय," असं दिरानं तोंडावर सांगितलं होतं. म्हणून द्वारकाबाईंचा एकच ध्यास होता: डोळे मिटायच्या आत नकोशीच्या नावावर स्वतःचं रान करायचं. सोपानतात्यांचा पाटाकडेचा अर्धा एकर त्यांनी हेरून ठेवला होता. दसऱ्याला पैसे घेऊन या, तोवर दुसऱ्याला देत नाही, असं तात्यांनी कबूल केलं होतं.

पैसे बारामतीच्या एका बँकेत होते. बँक म्हणजे दोन खोल्या, समोर लिंबाखाली एक बाकडं, आणि रामहरी नावाचा किडकिडीत कारकून. निरक्षर माणसाला शिल्लक वाचून दाखवायची त्याची पद्धत होती. द्वारकाबाईंना नुसतं वाचून चालायचं नाही. "मोठ्यानं वाच. भाईरच्यांनाबी ऐकू दे, म्हंजी उद्या न्हाय म्हणायला नको." रामहरी बिचारा खिडकीकडं तोंड करून ओरडायचा, "द्वारकाबाई, पिंपळी, जमा तीनशे बेचाळीस." बाकड्यावरची माणसं माना डोलवायची. बारा वर्षं हे चाललं होतं, आणि बारा वर्षं त्या मनात म्हणत होत्या की हा माणूस एवढा सरळ वागतो, म्हणजे ह्याच्या पोटात काहीतरी असणार.

ही गोष्ट चौतीस-पस्तीस सालची. दसरा महिन्यावर आला होता. एका बाजारी द्वारकाबाईंच्या भाजीसमोर एक गृहस्थ येऊन उभा राहिला. काळा कोट, डोक्याला रेशमी फेटा, पायात करकरीत बूट. नकोशी पाणी आणायला गेली होती. त्यानं वांगी उलटीपालटी केली आणि खालच्या आवाजात म्हणाला, "द्वारकाबाई, तुमचे तीनशे बेचाळीस रुपये धोक्यात आहेत."

बाईंच्या हातातली तागडी तशीच राहिली.

"मी मानसिंगराव. पुण्याच्या मोठ्या कचेरीतून आलोय, गुप्त तपासाला. तुमचा कारकून अडाणी लोकांना खोट्या नोटा देतो आणि खऱ्या आपल्या घरी नेतो. आम्हाला पुरावा हवा. तुमच्यासारखं सावध माणूस सगळ्या बाजारात दुसरं दिसलं नाही, म्हणून तुमच्याकडं आलो."

त्या गड्यानं बाईंना हरभऱ्याच्या झाडावर चढवलं, असं लोक म्हणतात. ते अर्धंच खरं आहे. स्तुतीनं हुरळून जाणारी ही बाई नव्हे. पण बारा वर्षं पोटात बाळगलेला संशय खरा आहे, असं कोट घातलेला माणूस पहिल्यांदाच सांगत होता. शिवाय आकडा अचूक सांगितला होता. वरच्या कचेरीतला असल्याशिवाय ह्याला आकडा कसा कळेल?

त्यानं सगळं नीट समजावलं. येत्या बाजारी सगळे पैसे काढायचे. कारण सांगायचं नाही. "तो तुम्हाला विचारील, एवढे पैसे कशाला, कुणी काही सांगितलं का. असं विचारलं की समजायचं, चोर घाबरला." मग जाता जाता म्हणाला, "घरात कोण असतं?"

"लेक हाय."

"तिलाही बोलू नका. त्या कारकुनानं घराघरांत माणसं फितवून ठेवलीत. मागं एका बाईच्या पोटच्या पोरीनंच तिकडं कळवलं होतं."

पुढच्या बाजारी बाईंनी नकोशीला भाजीपाशी बसवलं आणि बँकेत जाऊन सगळे पैसे मागितले. रामहरी चमकला. "मावशी, जमिनीचं ठरलं का? दसऱ्याला तर अजून अवकाश हाय."

"माझं पैसं हायती."

"तुमचंच की. पन गेल्या पंधरवड्यात तिघांनी असंच खातं मोडलं, कारण कुणी सांगंना. कुणी काही सांगितलंय का तुमाला?"

अगदी तेच शब्द. द्वारकाबाई मनातल्या मनात हसल्या. पुढं हे मला सांगताना त्या म्हणाल्या, "तवा मला लई ग्वाड वाटलं. चोर सापडला म्हनलं." इतक्या वर्षांत त्या माणसानं त्यांच्या भल्याचा एवढा एकच प्रश्न विचारला, आणि तो विचारला म्हणून तो चोर ठरला. रामहरीनं नोटा मोजून दिल्या. ह्या वेळी मोठ्यानं वाच असं बाई म्हणाल्या नाहीत.

मानसिंगराव कालव्याच्या पुलाशी थांबला होता. नोटा त्यानं उन्हात धरल्या, भुवया उंचावल्या, सुस्कारा टाकला. "बघा. सगळ्या खोट्या." तो म्हणाला, पुरावा म्हणून ह्या बांधून लाखेची मोहोर करायची, पुढच्या बाजारी साहेबांसमोर फोडायची, की तिथल्या तिथं खऱ्या नोटा मिळतील.

"मी नोटा तुमच्याजवळ द्यायची न्हाय," बाई म्हणाल्या.

"देऊच नका. पुरचुंडी तुमच्यापाशीच राहील. मी तरी कोण तुमचा?"

इथं त्या पुरत्या अडकल्या. जो माणूस माझ्यावरही विश्वास ठेवू नका म्हणतो, त्याचा संशय कसा घ्यायचा? त्यानं फडक्यात नोटा बांधल्या, मेणबत्तीवर लाख वितळवली, मोहोर उठवली. कागदावर बाईंचा अंगठा घेतला. शाईचं बोट त्यांनी कठड्याच्या दगडाला पुसलं. नजर हलली ती तेवढीच. मग त्यानं पुरचुंडी त्यांच्या ओच्यात ठेवली आणि बजावलं, मोहोर फुटली तर पुरावा गेला, पुरावा गेला की पैसेही गेले.

तो आठवडा त्या घरानं कसा काढला ते थोडं मी बांधावरून पाहिलं, बाकीचं पुढं नकोशीनं सांगितलं. एरवी मायलेकी एका घोंगडीवर निजायच्या. त्या आठवड्यात बाईंनी अंथरूण दाराशी नेलं. पुरचुंडी दिवसा कमरेला, रात्री उशाखाली. नकोशीला त्यांनी फक्त एवढंच सांगितलं की पैसे काढलेत आणि ते बांधून ठेवलेत. नकोशी साधी, पण मठ्ठ नव्हे. ती म्हणाली, "आये, बांधून का ठेवायचं? रामहरीला एकदा इचार. मानूस बरा हाय त्यो."

"बरा हाय ते तुला काय ठाव?"

"तुला बारा वर्सं कधी पैचा घोळ केला न्हाय, म्हून म्हनते."

पोटच्या पोरीनंच कळवलं होतं, हे वाक्य द्वारकाबाईंच्या कानात होतं. दुसऱ्या दिवसापासून त्या लेकीला घरात एकटी सोडीनात.

बाजार आला. पुलाशी कुणी नव्हतं. दिवसभर बाई ऊन खात उभ्या राहिल्या. संध्याकाळी घरी येऊन त्यांनी मोहोर फोडली. आत वर्तमानपत्राचे तुकडे होते, नोटांच्या मापाचे, सुबक कापलेले. नकोशी समोरच होती. बाई रडल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "कुणाला बोलायचं न्हाय. गाव थुंकंल माझ्यावर."

अशा भामट्यांना सगळ्यात मोठी साथ असते ती ह्या लाजेची. गरीब लोकांच्या तोंडाला पानं पुसावी आणि त्यांनीच तोंड लपवत फिरावं. रामहरीनं सांगितलेले ते तिघंही असेच गप्प बसले होते, आणि कारण न सांगता त्यांनी खाती मोडल्यामुळे रामहरी चोर आहे अशी कुजबूज बारामतीभर झाली होती. बँकेचे पंच त्याला घरी बसवायच्या बेतात होते.

नकोशीनं आईचं ऐकलं नाही. दुसऱ्या सकाळी ती एकटी चालत बारामतीला गेली आणि रामहरीला सगळं सांगितलं. रामहरीनं त्या तिघांची घरं गाठली, तेव्हा कुठं ते तिघं बोलते झाले. चौघांनाही तोच कोट, तीच लाख भेटली होती. फौजदाराकडं वर्दी गेली. पंधरा दिवसांनी इंदापूरच्या बाजारात कळस गावच्या फुलाबाई नावाच्या बाईंना खोट्या नोटांची भीती घालताना तो पकडला गेला. तो पुण्याचा नव्हता, साहेब नव्हता आणि मानसिंगही नव्हता. त्याच्या ट्रंकेत लाखेच्या कांड्या होत्या आणि तीसेक रुपये. तोवर दसरा होऊन गेला होता. सोपानतात्यांनी थोडे दिवस वाट पाहिली आणि रान दुसऱ्याला दिलं. त्यांचाही मला दोष देता येत नाही.

इंदापूरला मामलेदारांपुढं चौकशी झाली. द्वारकाबाईंबरोबर नकोशी आणि मी गेलो होतो. रामहरी साक्षीला आला होता. आरोपीनं आकडे कुठून मिळवले तेही तिथं कळलं. तो चार दिवस लिंबाखालच्या बाकड्यावर नुसता बसून होता. ज्यांची शिल्लक खिडकीतून ऐकू यायची, त्यांची नावं त्यानं पाठ केली होती. हे ऐकलं तेव्हा बाईंनी पदर तोंडावर घेतला.

आरोपीचा वकील चतुर. त्यानं विचारलं, "बाई, तुम्ही कुणावरच विश्वास ठेवत नाही म्हणतात. मग ह्या परक्या माणसावर ठेवला, हे खरं कसं मानायचं?"

बाईंनी पदर काढला. "त्येच्यावर कुठं ठिवला, सायेब? त्यो म्हनला रामहरी चोर हाय. मला त्येच ऐकायचं हुतं. बारा वर्सं वाट बघत हुते, कुणीतरी म्हनंल म्हून."

कचेरीत कुणी हसलं नाही. रामहरी खाली मान घालून उभा होता. त्याच्याइतकं त्या दिवशी दुसऱ्या कुणाला लागलं असेल असं मला वाटलं नाही. ते चुकीचं होतं, हे परतीच्या वाटेवर समजलं.

सर्व्हिस मोटारीनं बारामतीत उतरलो आणि कालव्याच्या कडेनं पिंपळीला निघालो. नकोशी पुढं, मागं बाई, त्यांच्यामागं मी. अर्ध्या वाटेवर नकोशी थांबली.

"आये, त्या आठवड्यात तू दाराशी निजायचीस. ती पुरचुंडी माझ्यापासनं जपायचीस व्हय?"

द्वारकाबाई खोटं बोलू शकल्या असत्या. चोरांची भीती होती म्हणाल्या असत्या तर मीही मान डोलावली असती.

"व्हय," त्या म्हणाल्या.

"पैसं माझ्यासाठीच हुतं न्हवं?"

"तुझ्यासाठीच हुतं."

नकोशी पुन्हा चालायला लागली. सोपानतात्यांच्या त्या पाटाकडेच्या तुकड्यात नव्या मालकानं ऊस लावायला सऱ्या पाडल्या होत्या, माती अजून ओली होती. तिथं आल्यावर नकोशीनं, मागं वळून न बघता, उद्यापासून ह्याच रानात रोजानं उसाचं बेणं दाबायला जाणार असल्याचं आईला सांगितलं.