एका जिलबीचा आग्रह

धाकट्या भावाच्या, विनूच्या, वजन कमी करण्याच्या ऑपरेशनला चार महिने झालेले असताना मी त्याच्याच मुलीच्या साखरपुड्यात त्याच्या तोंडात जिलबी कोंबली. वर, "एकीने काय होतंय!" असंही म्हणालो. पंगतीत आग्रह करण्यात माझा हात धरणारा कोणी नाही.

दहा मिनिटांत विनू घामाने निथळत आतल्या खोलीत भिंतीला टेकून बसला. मी शेजारी बसून वर्तमानपत्राने वारा घालत होतो. जठर इवलंसं केलंय, गोड सरळ आतड्यात जाऊन आदळतं, हे डॉक्टरांनी मलाच समजावलं होतं. त्याची साखर आटोक्यात आली होती. वर्षानुवर्षं त्याच्या चरबीलाच शत्रू समजून भांडत, अंगात सूज धरून बसलेली प्रतिकारशक्तीही आता जरा निवळली होती म्हणे. सगळं चांगलंच झालं होतं. शरीराने नवा माणूस स्वीकारला. मी मात्र ताटाला ताट लावून पैजेने जेवणारा जुना विनू शोधत जिलब्यांचं ताट घेऊन फिरत होतो.

"बरं वाटतंय का रे?"

त्याने डोळे उघडले नाहीत. "दादा, मला जगायचंय. तू जेवायला दुसरा जोडीदार बघ."