लाल दोरी

माझा भाऊ दत्ता बर्फाखाली गेला, तो मंगळवार होता.

सैन्यात होता तो. वादळात बर्फाचा उतार ओलांडताना त्याच्या तुकडीतले जवान कमरेला लांब लाल दोरी बांधत आणि ती मागे मोकळी सोडून चालत. हिमकडा कोसळून माणूस गाडला गेला, तरी हलकी दोरी बहुधा वर राहते. तिच्या टोकावरून त्याला शोधतात. त्या दिवशी दत्ताबरोबरचे दोघे असेच सापडले. दत्ताची दोरी पायात येत होती, म्हणून त्याने ती गुंडाळून खिशात ठेवली होती. तो सापडला उन्हाळ्यात, बर्फ वितळल्यावर.

आता त्याचा मुलगा अजय त्याच डोंगरात आहे. रविवारी त्याचा फोन आला. तिकडे वादळ सुरू झालं होतं आणि सकाळी गस्तीवर निघायचं होतं.

"दोरी बांधशील ना?"

"बांधतो हो काका. शेपटीवालं माकड दिसतो अगदी."

"दिसू दे. खिशात कोंबू नकोस."

यावर तो हसला नाही. मग फोन कट झाला. आज गुरुवार.

सकाळी खिडकीतून एक मुलगी शाळेत जाताना दिसली. तिच्या वेणीची लाल फीत सुटून पाठीवर लोंबत होती. मागून आई ओरडली, "अगं थांब, फीत बांधू दे!" मला वाटलं, राहू दे तशीच. आपलं माणूस दिसेनासं झालं, तरी त्याचं एवढंसं टोक दिसत राहावं, याहून आपण काय मागतो?

अजयचा फोन अजून आलेला नाही. दत्ताची दोरी माझ्या टेबलावर आहे, त्याने गुंडाळली होती तशीच.