किचापची धार

रुबियाह माचिकच्या, म्हणजे रुबियाह मावशीच्या, बोटांना आमच्या गावात मोठा मान आहे. बाळंतिणीचं पोट चोळायचं तर तिनंच. नदीकाठच्या निम्म्याअधिक बायका तिच्या हाताखालून गेल्या आहेत, मीसुद्धा. जाताना प्रत्येकजण खारवलेल्या सुक्या माशांची जुडी ठेवून जाते आणि त्यातला पहिला वाटा किचापचा. किचाप म्हणजे सोया सॉस, तसाच काळा कुळकुळीत बोका. त्या घरात दुसरं लेकरू नाही.

त्या दुपारी मी आखडलेला खांदा दाखवायला गेले, तर तिचा नवरा, देरामान पाचिक, म्हणजे देरामान काका, नमाजाची चटई हातात धरून दारात उभा. तो मशिदीत अजान देतो. कपड्यावर शिंतोडासुद्धा त्याला खपत नाही.

"पुन्हा चटईवर! काल लुंगीवर, आज इथे. मांजर पाक असेल याह, त्याचं मूत नाही."

"थेंबच तर आहेत, आबांग." रुबियाह ही त्याची याह आणि तो तिचा आबांग; नवऱ्याला आमच्याकडे अशीच हाक मारतात.

"थेंब असो नाहीतर घागर. आज त्याला मासळीबाजारात सोडून येतो. राजासारखा राहील."

नकोसं मांजर आमच्याकडे मासळीबाजारातच सोडतात. तिथं उपाशी मरत नाही, म्हणून सोडणाऱ्याला रात्री झोप लागते. टोपली पायरीवर तयारच होती.

"तुम्हीच जाऊन राहा की बाजारात," माचिक म्हणाली. "तुमचं घोरणं ऐकून मेलेले मासे उठून पळतील."

तेवढ्यात किचाप कोपऱ्यात जाऊन बसला. कुंथला, ओरडला, मागचं अंग चाटलं, पुन्हा बसला. फरशी कोरडीच.

"पोटात वारा धरलाय बिचाऱ्याच्या," म्हणत माचिकनं तेलाची बाटली काढली आणि त्याला मांडीवर घेतलं. वारा खाली उतरवायचा तिचा हात मला ठाऊक आहे. आधी हलका आणि मग असा जोरकस, की ओठ चावून पडून राहावं लागतं.

हलका हात फिरला आणि बोटं थांबली. मालीश चालू असताना ती थांबलेली मी कधी पाहिली नव्हती.

"हा वारा नाही," ती हळू म्हणाली. "मोठ्या लिंबाएवढं गोल आहे, दगडासारखं. मूत तुंबलंय आत. दाबलं तर फुटेल." तिनं चटई ओढून उजेडात धरली. थेंब लालसर होते. "हा खोड्या नव्हता करत, आबांग. त्याला होतच नव्हतं."

 पाचिकनं टोपली उचलली, आत स्वतःची धुतलेली लुंगी अंथरली आणि माझ्याकडे वळला. "गाडी काढ, पोरी."

शहरातल्या जनावरांच्या डॉक्टर थामबाईंनी पोटाला नुसता हात लावला आणि किचापला आत नेलं. बऱ्याच वेळानं बाहेर आल्या. "बोक्यांची मूत्रनळी बारीक असते. त्यात रेव अडकली होती. नळी घालून मोकळं केलंय. अजून उशीर झाला असता तर जिवावर बेतलं असतं. आणि पोट दाबलं नाहीत, ते फार चांगलं केलंत."

माचिकनं दोन्ही हात ओढणीखाली लपवले.

काही दिवसांनी किचापला घरी सोडलं, पण बजावून. सुके मासे बंद, ओलं खाणं, भरपूर पाणी. पुन्हा अडू शकतं, लक्ष ठेवा. संध्याकाळपर्यंत लघवी नीट झाली नाही तर लगेच परत आणा.

माचिकनं ताजा मासा उकडून पाण्यासकट वाढला. तो किचापनं खाल्ला, पण पाण्याच्या नव्या वाडग्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. तो थेट पाचिकच्या वजूच्या, नमाजाआधी हातपाय धुण्याच्या, रांजणाशी गेला. पाचिकनं स्वतः झाकण काढलं.

"आता चालतं वाटतं?" माचिकनं टोमणा मारला.

"मांजराचं उष्टं पाणी पाकच असतं. पिऊ दे त्याला."

दुपार सरली. वाळूचा ट्रे कोरडा. माचिक अंगणात पुन्हा पुन्हा टोपलीकडे बघत होती. मी गाडीची किल्ली हातातच ठेवली होती. मावळतीच्या अजानेची वेळ झाली, तसा पाचिक कडक इस्त्रीची लुंगी नेसून, टोपी घालून पायरीवर चपला चढवायला बसला. किचाप आला, त्याच्या मांडीवर चढला, शेपूट ताठ केली.

"याह! याह, धाव! धार! चांगली अख्खी धार!"

"चटईवर?"

"माझ्यावर! हलू नकोस रे बाळा, होऊ दे, सगळी होऊ दे!"

माचिक पायरीवरच बसली आणि ओढणी तोंडाला लावून हसत रडली. पाचिक मात्र लुंगी निथळेपर्यंत जागचा हलला नाही.

मग अंघोळ, नवे कपडे, नव्यानं वजू. गावात त्या संध्याकाळी अजान उशिरा झाली. पण त्याचा आवाज इतका मोकळा मी आजवर ऐकला नव्हता. नदीपलीकडच्या बायकासुद्धा दोरीवरचे वाळलेले कपडे काढता काढता थांबल्या.