दारात तोंडं हुंगनारी

"तोंड उघड. हा कर," मॅडम म्हनल्या.

लातूरला, क्लासच्या दारात. क्लास मॅडमचा. हप्ताभर तिथं डॉक्टर व्हायला आलेली पोरं शिकायची, रविवारी त्याच बाकांवर दारू सोडनाऱ्यांची प्रार्थना. मी पहिल्यांदाच गेल्ते. कडेवर दोन वर्षांची लेक. म्या हा केलं. मॅडमनी नाकाला रुमाल लावला. माझं बघून लेकीनं बी तोंड उघडलं. हा. मागची मानसं हसली. मी बी हसले. त्या हसन्याची अजून लाज वाटते.

"देवाच्या दारात पिऊन यायचं नाही."

त्या दिवशी प्याले नव्हते मी. आदल्या दिवशीचा वास असंल. सांगायचं सुचलं न्हाई. तिथनं निघाले ती सरळ गुत्त्यावर.

भूकंपात माय गेली तवा मी तिसरीत व्हते, शाळा तिथंच सुटली. प्यायला नवऱ्यानं लावलं, मंग तो गेला, बाटली राह्यली. पोरांच्या मेसमधी भांडी घासायची नि प्यायची. लेक पोटात व्हती तवाबी प्याले. हे लिहू का नको वाटून राहिलं, पन लिहिते.

पुढं वेलदोडा चावून परत गेले. आत घेतलं. प्रभू येशूनं धरलं म्हना, दारू सुटली. सहा महिन्यांनी मॅडम म्हनल्या, "आता दारात तू थांब. तुला वास बरोबर कळतो." सगळे हसले, मला मान वाटला. चांगली साडी नेसून म्या लोकांची तोंडं हुंगली. हा कर. हा कर. किती माघारी धाडले आठवत न्हाई. त्यातलं कोन जित्तं हाय, ते बी ठावं न्हाई.

एका रविवारी निलंग्याहून एक मानूस आला. एसटीनं, थरथरत. म्या हुंगलं. हात आडवा केला.

तो भांडला न्हाई. म्हनला, "अक्का, वास जावा म्हनूनच आलो की."

आनि जिना उतरला. मी उभीच. मंग पळाले, लेकीला बाकावर सोडून, बिनचपलेची, पोरांच्या सायकलींमधून. स्टँडच्या अलीकडं गाठला. धाप लागलेली, बोलता येईना. त्याच्या पिशवीचा बंद धरला नि तसाच ओढत आनला. पुढच्या बाकावर बसवला. शेजारी मी.

मॅडम म्हनल्या, "हॉल माझा आहे."

मोठ्या मानसांपुढं मला बोलता येत न्हाई, लई भेते. तरी तोंडातून गेलं, "प्रभू येशूनं कोनाचं तोंड हुंगलं, मॅडम?"

कोनी हसलं न्हाई. आम्हा दोघाला हॉल बंद झाला.

आता आम्ही माझ्या पत्र्याच्या खोलीत प्रार्थनेला बसतो. पिऊन आला त्याला आधी पानी, चटई. प्रार्थना मंग. मेसवाली मॅडमच्या वळखीची, म्हनते हे बंद कर, न्हाईतर काम जाईल. भ्या वाटतंय, लेकरू हाय. तरी दार बंद करनार न्हाई. उद्या मी बी परत पिईन, काय सांगावं. प्याले तरी ह्याच चटईवर येऊन बसन, तोंड झाकनार न्हाई. आनि कोनाचं हुंगनार न्हाई.