हजार माणसं आणा

कोणीही भेटलं की ते आधी वय विचारायचे. नाव नंतर, तेही आठवण राहिली तर. वय ऐकलं की मान तिरकी करून समोरच्याला डोक्यापासून चपलांपर्यंत न्याहाळायचे आणि म्हणायचे, "छान. चालू द्या."

आमच्या नाशिकच्या कॉलनीत ते नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला राहायला आले. एकटेच. मुंबईत एका विमा कंपनीत विमागणिती होते. म्हणजे किती माणसं कोणत्या वयाला जातात याचा हिशेब मांडून हप्ता किती घ्यावा आणि पेन्शन किती द्यावी, हे ठरवणारा माणूस. शेजारच्या वकिलांना त्यांनी हे पहिल्याच दिवशी नीट समजावून सांगितलं. वकिलांनी अर्धंच ऐकलं. संध्याकाळपर्यंत कॉलनीभर झालं, की नव्या बिऱ्हाडातल्या साहेबांना कोण कधी जाणार ते कळतं.

मग काय विचारता! लोक पत्रिका घेऊन येऊ लागले. साहेब वैतागून म्हणायचे, "अहो, एकट्याचं मला काही कळत नाही. हजार माणसं आणा, मग त्यातली किती जातील ते सांगतो."

"पण कोण कोण?"

"ते नाही कळत."

लोकांना वाटायचं, कळतं, पण तोंडावर सांगवत नाही.

एकदा त्यांनी दाढ काढली होती आणि तोंडात कापसाचा बोळा होता. वकील समोरून आले आणि सवयीने वय सांगून उभे राहिले. साहेबांनी नुसतीच मान हलवली. 'चालू द्या' नाही! वकिलांनी त्याच दुपारी कार्डिओग्राम काढला, मृत्युपत्र केलं आणि भावाशी धरलेला जुना अबोला सोडला. पुढे बोळा निघाला, 'चालू द्या' मिळालं, तेव्हा वकील भावाशी पुन्हा भांडले.

अधूनमधून साहेब मुंबईला कुठल्याशा सरकारी समितीच्या बैठकीला जायचे. देशातल्या म्हाताऱ्यांच्या पेन्शनचं काय करायचं, असा विषय असायचा. परतले की मी विचारायचो, "काय ठरलं?"

"माणसं फार जगायला लागली आहेत, यावर एकमत झालं. पुढची बैठक दिवाळीनंतर."

मी तेव्हा मखमलाबादकडच्या फूल-भाजीवाल्या शेतकऱ्यांच्या सोसायटीत सचिव होतो. सभासदांना पेन्शन द्यावी असं चेअरमनच्या मनात आलं. दरमहा थोडे पैसे भरायचे आणि साठीनंतर मरेपर्यंत पेन्शन घ्यायची. आकडे चेअरमननी चहा पिता पिता ठरवले होते. एका जाणकाराची सही तेवढी हवी होती, म्हणून मी साहेबांना गाठलं.

सहीआधी ते आठवडाभर मळ्यांतून हिंडले. मी बरोबर होतोच. कोबीची पाटी डोक्यावर घेऊन तुरुतुरु चाललेला म्हातारा दिसला की विचारायचे, "वय?"

"ऐंशी."

"छान. चालू द्या," म्हणायचे, पण चेहरा उतरायचा. विहिरीत सूर मारणारे एक आजोबा पाहून तर ते बांधावर मटकन बसले. "तुमचे वडील?" त्यांनी भीत भीत विचारलं.

"बाजारात गेलेत," आजोबा पाण्यातून म्हणाले.

सभा भरली. साहेब उठले आणि म्हणाले, "ही योजना बुडणार."

"का?"

"तुम्ही मरत नाही."

एकच गलका झाला. चेअरमन म्हणाले, "साहेब, जरा शुभ बोला." कोपऱ्यातून ठकूबाई उठली. हिचा शेवंतीचा मळा होता, रोज फुलबाजारात बसायची, साठीला टेकलेली. म्हणाली, "मंग किती लवकर मरायचं ते सांगा की. आमी शिस्तीची माणसं हाय."

एकाने लगेच सूचना मांडली, की सभासदांनी पंचाहत्तरीला स्वखुशीने आटपावं. दुसऱ्याने दुरुस्ती सुचवली, की सुरुवात चेअरमनपासून व्हावी. मी दोन्ही इतिवृत्तात लिहून घेतल्या. सचिवाला दुसरं काय करता येतं?

साहेब हसले नाहीत. "हप्ता वाढवा आणि पेन्शन पासष्टपासून द्या. नाहीतर मी सही करणार नाही. आधीचे म्हातारे सगळं खाऊन जातील आणि मागच्यांना काही उरणार नाही."

"मग योजनाच नको!" म्हणत निम्मी सभा उठून दाराकडे निघाली. साहेबांनी पेन खिशात ठेवलं.

"बसा रे!" ठकूबाई ओरडली. "मला चहा-तंबाखूला सुनेपुढं हात पसरायचा नाय. येवढंच म्हणनं हाय माझं. साहेब, जादा हप्ता भरला तर मरेस्तोवर मिळंल?"

"मिळेल."

"लय जगले तरी?"

"कितीही जगा, बाई." त्यांनी खिशातलं पेन पुन्हा बाहेर काढलं. दारातली माणसं एकेक करून परत येऊन बसली.

योजना चालली. पेन्शन घेणाऱ्याने दर वर्षी स्वतः येऊन आपण जिवंत असल्याचा दाखला सोसायटीच्या कचेरीत द्यावा, असा नियम होता. ठकूबाईची पेन्शन सुरू झाली तेव्हा तिने परस्पर ठरवलं, की दाखला साहेबांनाच द्यायचा आणि दर महिन्याला द्यायचा. फुलबाजारातून परतताना ती त्यांच्या फाटकाशी उभी राहून ओरडायची, "अजून हाय हो, साहेब!" आतून उत्तर यायचं, "छान. चालू द्या." तिचं पाहून बाकीचेही येऊ लागले. महिन्याच्या सुरुवातीला कॉलनीत म्हाताऱ्यांची रांग लागायची, आणि वकील त्या रांगेत मध्येच घुसायचे.

मी एकदा विचारलं, "साहेब, तुमचं स्वतःचं काय?"

"मी एकटा. एकट्याचं कळत नाही, हे तर नेहमीच सांगतो."

एका सकाळी हातात चहाचा कप असतानाच ते गेले. त्यांच्याच आयुर्मानाच्या कोष्टकाच्या मानाने फार लवकर. मला त्यांचा रागच आला. अजून येतो, कारण मला तो माणूस हवा होता.

दहाव्याला गंगेवर, म्हणजे आमच्या गोदावरीच्या घाटावर, त्यांचा पुतण्या आणि कॉलनीतले आम्ही मूठभर लोक उभे होतो. तेवढ्यात टेम्पो यायला लागले. मळ्यांतली सगळी म्हातारी माणसं, त्यांची मुलं, सुना, नातवंडं उतरत राहिली आणि बघता बघता घाट भरला. विहिरीतले आजोबाही आले होते. माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "वडील गेले औंदा. साहेबांना कळवायचं राह्यलं."

ठकूबाईने शेवंतीचा हार फोटोला घातला.

"हजार आणलेत, साहेब," ती म्हणाली. "आता सांगा. येवढ्यांतून तुमीच का?"

ती खरोखरच उत्तराची वाट पाहत उभी राहिली. मग पदराने फोटोची काच पुसली.

"बरं," म्हणाली. "चालू द्या."