बिस्किटाचा रंग

डॉक्टरनं जन्मात कुणाची नाडी धरली नव्हती. प्लग बघून इंजिनाच्या पोटातलं दुखणं सांगायचा, म्हणून लोक त्याला डॉक्टर म्हणत आणि तोही ते नाव ऐटीत मिरवायचा.

मुलीच्या रेसच्या गाडीला त्यानं आठवडाभर खपून इंजिनाला जादा जोर देणाऱ्या नायट्रस वायूची बाटली बसवली होती. प्रकार कोरडा. बाटलीतून नुसता नायट्रस जातो, त्याच्या जोडीचं जादा पेट्रोल गाडीच्या कॉम्प्युटरनं सोडायचं. ते कमी पडलं तर पिस्टन वितळतात, आणि भर वेगात वितळले तर गाडी कुठे आदळेल याचा नेम नाही. म्हणून एक धाव घ्यायची, इंजिन तिथंच बंद करायचं आणि प्लग काढून बघायचा. त्याचं टोक पांढरं पडलं तर पेट्रोल कमी. काळपट पडलं तर जास्त. बिस्किटाच्या रंगाचं असलं तर जमलं.

पूर्वी कॉम्प्युटर धाकटा भाऊ सांभाळायचा. "दादा, सायलेन्सरला मीटर लावू, पेट्रोल कमी की जास्त ते तो नेमकं सांगतो," असं तो कितीदा म्हणाला. डॉक्टरचं उत्तर ठरलेलं, "माझे डोळे काय गहाण पडलेत?" गेल्या वर्षी सरावातच इंजिन वितळलं. डॉक्टरनं चारचौघांत भावाची अब्रू काढली. भाऊ हत्यारांची पेटी उचलून गेला, तो परत फिरकला नाही.

आज सकाळी मुलीनं प्लग बापाच्या हातावर ठेवला.

"मला पांढुरका वाटतो, बाबा."

"चार दिवस झाले नाहीत शिकून! बिस्किट जरा जास्तच भाजलंय. पेट्रोल कमी कर."

तिनं निमूट कमी केलं आणि नवा प्लग बसवला.

दुपारी ती नवा सूट घालून शर्यतीला निघाली, तेव्हा डॉक्टर म्हणाला, "पिवळा घेतलास ते बरं केलंस. मळ दिसायचा नाही."

बाप नेहमीसारखा चेष्टा करतोय असं वाटून ती हसली आणि गाडीत बसली. बायको मात्र हसली नाही.

"अहो, पांढराशुभ्र आहे तो."

डॉक्टरनं खिशातला प्लग काढला. मग बायकोच्या हातातला कागदी कप त्याच्याशेजारी धरला. त्याला दोन्ही बिस्किटाच्या रंगाचे दिसले. "हा कप कुठल्या रंगाचा?" त्यानं विचारलं, पण उत्तराला थांबला नाही.

गुडघे दुखत होते तरी तो धावला. माणसांना ढकलत, शिव्या खात शर्यत सुटते त्या रेषेपर्यंत पोचला आणि गाडीपुढं आडवा होऊन त्यानं बॉनेटवर हात टेकले. मुलीनं इंजिन बंद केलं. पंच ओरडत आले.

"बाबा, बाजूला व्हा. वेड लागलंय का?"

"प्लग पांढराच होता, पोरी. मला सगळंच पिवळट दिसतं." हे सगळ्यांसमोर बोलावं लागलं, आणि बोलताना तो लहान मुलासारखा रडत होता. "आत्ता कळलं मला. मी मारलंच असतं तुला."

तिनं हेल्मेट काढलं. चेहरा कागदासारखा पांढरा झाला होता.

"कधीपासून दिसतं असं?"

"दोन वर्षं तरी झाली असतील. वाटायचं, गॅरेजमधले दिवेच जुने झालेत."

दोन वर्षं म्हटल्यावर ती बापाकडे बघतच राहिली.

"मग काकांचं काय चुकलं होतं?"

बॉनेट तापलं होतं, तरी डॉक्टरनं हात उचलले नाहीत.