भेगेवरची काच

खाणीचा सर्व्हेअर आज पुन्हा आला. खालचा कोळसा काढल्यापासून आमची जमीन खचतेय, म्हणून त्याने माझ्या दुकानाच्या भिंतीतल्या भेगेवर काचेची पट्टी चिकटवली होती. भिंत हलली की काच तडकते. ती तडकली होती. त्याने वहीत नोंद केली, नवी काच लावली आणि ओघळलेलं सिमेंट रुमालाने हळुवार पुसलं.

"रंग खराब नको व्हायला, भाऊ."

"खालून गाव पोखरलंत, आणि आता रंगाला जपता?" मी ओरडलो.

"माझं काम मोजायचं."

हातगाडीपासून सुरुवात करून उभं केलेलं हे दुकान. घासाघीस करून मी भल्याभल्यांना वाकवलं. पण नुसतं मोजणाऱ्याशी घासाघीस कशाची? हल्ली कुलूप काढण्याआधी मी ती काच बघतो. शाबूत दिसली की बरं वाटतं, आणि त्या बरं वाटण्याचीच किळस येते.